कॉम्प्युटर वाढला

माझ्या सासरी काही बंद होत नाही, फुटत नाही आणि मरत तर अजिबात नाही. संध्याकाळी शटर खाली ओढलं की पॅकहाउस 'वाढवलं' म्हणायचं. हातातली बांगडी पिचली तर ती वाढली. बाहेर निघालेल्या माणसाने 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. बागेत साप दिसला तर त्याला नुसतं जनावर म्हणायचं, आणि कुठलं जनावर ते ऐकणाऱ्याने ओळखून पाय उचलायचे. नाशिकला गंगापूर रोडवर माझ्या माहेरीही हे थोडंबहुत होतं, पण तिथे एखादा शब्द चुकला म्हणून कुणी ताटावरून उठत नसे. पिंपळगाव बसवंतला माझे सासरे उठतात. घर सगळं ऐकत असतं आणि ऐकलेल्याला तथास्तु म्हणत असतं, यावर त्यांचा पूर्ण विश्वास आहे.

त्यांना मी मामा म्हणते. आमचं एकमेकांवर प्रेम आहे हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे भांडणंच जास्त येतील. मी फटकळ आहे. लग्नात माहेरून आणलेल्या वस्तूंपैकी मिक्सर बिघडला, कपाटाचं दार निखळलं, जीभ तेवढी अजून नव्यासारखी चालते, असं माझा नवराच पाहुण्यांना सांगतो.

आमचं पॅकहाउस हायवेपासून आत आहे. बागांतून टेम्पो येतात, सुरगाण्याकडून हंगामापुरत्या आलेल्या बायका कात्रीने घड साफ करतात, छोट्या डब्यांत भरतात, डबे पेटीत जातात, पेट्या कोल्डमध्ये, म्हणजे शीतगृहात, आणि तिथून कंटेनरमध्ये. कित्येक वर्षं हे सगळं आम्ही दुसऱ्यांसाठी करत होतो. द्राक्षं इथली, मेहनत आमची आणि पेटीवर नाव भलत्याच कुणाचं. त्या वर्षी मामांनी ठरवलं, एक तरी कंटेनर आपल्या नावाने पाठवायचा. पेट्या छापून आल्या तेव्हा त्यातली एक रिकामी पेटी त्यांनी घरी आणून टीव्हीशेजारी ठेवली. येणाऱ्या प्रत्येकाला तिच्याकडे बघावंच लागे, कारण बघितलं नाही तर मामा टीव्ही बंद करत. माफ करा, वाढवत.

ऑफिस मी सांभाळत होते. ऑफिस म्हणजे एक खोली, एक कॉम्प्युटर, एक लेबलं छापायचं मशीन. आलेल्या प्रत्येक टेम्पोला मी एक नंबर द्यायची. तो नंबर चालकाच्या पावतीवर आणि पेटीच्या लेबलवर छापला जायचा. पण तो नंबर म्हणजे कुणाची बाग, कुठला प्लॉट, कोणती फवारणी कधी झाली, तपासणीत काय निघालं, हे सगळं कॉम्प्युटरच्या पोटात. परदेशातल्या दुकानात कुणीही एक पेटी उचलली तर ती कुठल्या बागेतली ते आम्हाला सांगता आलंच पाहिजे, ही त्यांची पहिली अट. ते सांगता आलं नाही तर द्राक्षं कितीही गोड असोत, ती आपली इथल्याच बाजारात.

मी कामाला बसले त्याच दिवशी नवऱ्याला विचारलं होतं, "अहो, बॅकअप आहे ना?"

"आहे की," तो म्हणाला. "एकदम दणकट."

यावर मी निर्धास्त झाले. बायकोने नवऱ्याच्या एकाच वाक्यावर विश्वास ठेवायचा असेल तर तो दुसऱ्या कुठल्या तरी वाक्यावर ठेवावा, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

आता माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं. सरकारी कचेरीतली रेकॉर्ड रूम सांभाळण्यात त्यांची नोकरीची सगळी वर्षं गेली, आणि त्यामुळे त्यांच्या हातून काहीही फेकलं जात नाही. रिकामी औषधाची पाकिटं, मुदत संपलेले पास, सगळं जागच्या जागी. माझं लग्न त्यांना मनातून फारसं पसंत नव्हतं. पाठवणीच्या वेळी डोळे पुसता पुसता ते मामांना म्हणून गेले, "पोरीला शेणामातीत घालू नका हं." मामांनी हात जोडले आणि ते वाक्य जपून ठेवलं. तेव्हापासून दोघा व्याह्यांमध्ये नमस्कार-चमत्काराच्या पलीकडे शब्द नाही. पण स्वतःच्या नावाचा कंटेनर ठरला आणि मामांना राहवेना. आलेल्या प्रत्येक टेम्पोचा ते फोटो काढत. आधी क्रेटमधल्या घडांचा, मग चालकाच्या हातातल्या पावतीचा, कारण पावतीवर वर आमचं नाव छापलेलं असे. आणि तो फोटो लगेच गंगापूर रोडला, व्याह्यांना. बघा म्हणावं, शेणामाती.

वडील उत्तरादाखल अंगठा पाठवत. नुसता अंगठा. "तुझे वडील काय बोलत नाय बघ," मामा मला म्हणत. आणि माहेरी गेले की वडील म्हणत, "तुझ्या सासऱ्यांना सांग, मला टेम्पोचे फोटो कशाला?" मी दोन्हीकडे हो म्हणून मोकळी होई.

कंटेनरभर माल झाला होता. पेट्या कोल्डमध्ये रचून तयार होत्या, फक्त यादी पाठवायची बाकी. त्या संध्याकाळी अवकाळी आला. गारा नव्हत्या म्हणून आम्ही देवाला हात जोडले, पण वीज कुठे तरी फार जवळ कडाडली आणि घरातल्या दिव्यांनी एकदा डोळे मिटून उघडले. सकाळी ऑफिस उघडलं तर पंखा फिरत होता, दिवा लागत होता, कोल्डचं मशीन नेहमीसारखं घरघरत होतं. कॉम्प्युटर मात्र चालू होईना. वायर बदलली, बटण दाबून धरलं, नवऱ्याने एकदा बाजूने थापटही मारली. नाशिकहून आलेल्या दुरुस्तीवाल्याने खोकं उघडलं, वास घेतला आणि डिस्क बाहेर काढून ठेवली. "ही आता पुण्याला पाठवावी लागेल," तो म्हणाला. "निघालं तर निघेल काहीतरी. किती दिवस ते नाही सांगता येणार."

"राहू दे," मी म्हणाले. "आपल्याकडे बॅकअप आहे." आणि नवऱ्याकडे वळले. "कुठे आहे?"

तो मला जिन्याखाली घेऊन गेला. तिथे इन्व्हर्टर होता, आणि त्याच्या खाली रांगेने मोठ्या मोठ्या बॅटऱ्या. त्याने एकीवर प्रेमाने हात ठेवला. "हा काय. रात्रभर चालतो."

क्षणभर मला हसू आलं, मग ते गेलं. चूक त्याची तरी कशी म्हणू? आमच्याकडे विजेची कायमची बोंब. बॅकअप म्हटलं की माणूस किती तासांचा एवढंच विचारतो. बॅकअप उत्तम होता. पंखा जोरात फिरत होता.

बाहेर बायका कात्र्या घेऊन बसल्या होत्या. एकीने आत डोकावून विचारलं, "ताई, लाइट तं हाय. मंग काम का नाय?" 

तेवढ्यात मामा आले. त्यांनी उघडं खोकं पाहिलं, दुरुस्तीवाल्याचा चेहरा पाहिला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "वाढला का?"

"वाढला नाही मामा, मेला," मी म्हणाले. "मेला. सगळं घेऊन मेला. कुठली पेटी कुणाची हे आता देवालाच विचारा."

"हळू बोल. असं अभद्र बोलू नाय."

"आता काय व्हायचं राहिलंय?"

ते खुर्चीत बसले आणि भिंतीवरच्या देवाच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. एवढ्यात मुंबईच्या एजंटचा फोन आला. उद्या संध्याकाळपर्यंत यादी हवी, नाहीतर जहाजातली आपली जागा दुसऱ्याला द्यावी लागेल, मग या हंगामात काही खरं नाही, असं तो अगदी गोड आवाजात म्हणाला. मी फोन ठेवला तेव्हा मामांचा चेहरा मला बघवेना. इतकी वर्षं दुसऱ्याच्या नावाने पेट्या भरलेला माणूस. रडू आलं, आणि रडू आलं याचाही राग आला.

रागातच मला पावत्या आठवल्या. चालकांनी त्या कधीच फेकून दिल्या असणार, पण त्यांचे फोटो होते. "मामा, तुमचा फोन द्या. तुम्ही पावत्यांचे फोटो काढलेत ना?"

मामांनी फोन दिला. आत काहीच नव्हतं. फोन भरला की अडकतो, रोजचं रोज पुसत जा, असं त्यांना त्यांच्या मुलाने बजावलं होतं आणि मुलाचं हे एवढं एकच म्हणणं त्यांनी मनापासून पाळलं होतं. रोज संध्याकाळी, पॅकहाउस वाढवल्यावर, सगळं साफ. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो बॅटऱ्यांना पाणी घालायला निघून गेला.

मग मला माझे वडील आठवले, ज्यांच्या हातून काही फेकलं जात नाही.

मी त्यांना फोन केला. फोटो पुढे पाठवा म्हटलं तर त्यांनी मला एका देवीची आरती पाठवली, मग त्यांच्या गुडघ्याचा एक्स-रे. "तुम्ही काही दाबू नका," मी ओरडले, "मीच येते." मामा म्हणाले, मीबी येतो. मी नको म्हणत होते, पण ते गाडीत जाऊन बसले होते.

ओझर मागे पडल्यावर ते म्हणाले, "त्यांना वाटंल, सासऱ्याला एक कॉम्प्युटर सांभाळता आला नाय." म्हणजे यादीपेक्षा त्यांना याचीच जास्त चिंता होती. मी नेहमीसारखं काही तरी तोडून बोलणार होते, पण नाही बोलले.

गंगापूर रोडच्या घरी आईने पोहे टाकले होते. मी डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडला, वडिलांचा फोन घेतला आणि मामांचे मेसेज उघडले. वरपासून खालपर्यंत धुरकट चौकोन. प्रत्येकाच्या मधोमध फोटो उतरवून घ्यायचा तो बाण. मामांनी इतक्या हौसेने पाठवलेल्या फोटोंपैकी एकही वडिलांनी उघडून पाहिला नव्हता. प्रत्येकाखाली अंगठा मात्र होता.

मामा माझ्या शेजारीच बसले होते. त्यांना फोनमधलं फारसं कळत नाही, पण तो बाण कळतो.

"व्याहीबुवा," ते म्हणाले, "एकबी उघडला नाय?"

वडिलांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "नाही उघडले," ते म्हणाले. "पण टाकलेही नाहीत."

आई पोह्यांच्या बशा घेऊन दारातच थांबली. मला वाटलं, आता मामा उठणार. ते उठले नाहीत. त्यांनी बशी स्वतःकडे ओढली आणि म्हणाले, "मग उघडा आता."

मी पहिल्या बाणावर बोट ठेवलं. गोल फिरलं, फिरत राहिलं, आणि धूर निवळून टपोऱ्या घडांचा क्रेट दिसला. पुढचा बाण दाबला, पावती. नंबर स्वच्छ वाचता येत होता. मी जोरात काही तरी ओरडले असणार, कारण शेजारच्या काकू खिडकीत आल्या.

मग आम्ही तिघे कामाला लागलो. वडील नंबर वाचत, एकदा सावकाश आणि खातरजमा म्हणून पुन्हा एकदा, कचेरीत वाचत तसा. फोटोतला चालक आणि तारीख बघून मामा सांगत कुणाची बाग, कुठला प्लॉट, विहिरीकडचा की रस्त्याकडचा. मी टाइप करत होते. तपासणीचे रिपोर्ट लॅबकडे होते, ते त्यांनी मेलवर पुन्हा धाडले. फवारण्यांच्या नोंदी ज्याच्या त्याच्या बागेतून फोनवर येऊ लागल्या. कोल्डमध्ये माझा नवरा स्वेटर घालून, सुरगाण्याच्या दोन बायकांना घेऊन, रचलेल्या पेट्यांवरची लेबलं फोनवर वाचून दाखवत होता. मधेच वडील एका फोटोवर थांबले. "हे घड फार सुंदर आहेत हो," ते म्हणाले. मामांनी लगेच त्या बागेची छाटणीपासूनची कथा सुरू केली. मी घड्याळ दाखवलं, तरी कथा पुरी झाली.

दुपार सरता सरता यादी जवळजवळ जुळली. दोन नंबर तेवढे उरले आणि दोन बागायतदार. एकाची पावती फोटोच्या वेळी चालकाच्या शर्टाच्या खिशातच राहिली आणि पुढे शर्ट धुवायला गेला. दुसरी बाग आमचीच. मामांनी सगळ्या गावाच्या द्राक्षांचे फोटो काढले होते, पण स्वतःच्या टेम्पोचा नाही. आपल्या मालाचा फोटो आपणच काढला तर दृष्ट लागते म्हणे.

मला भयंकर राग आला आणि भयंकर वाईटही वाटलं. "मामा, दोनच नंबर आहेत," मी म्हणाले. "एक आपला, एक त्यांचा. टाकू का अंदाजाने?"

संध्याकाळी आम्ही पिंपळगावला परतलो तेव्हा मामा तसेच कोल्डमध्ये गेले. त्या दोन नंबरांची एकेक पेटी उघडली, एकेक मणी तोंडात टाकला. "ही माझी," ते म्हणाले, जराही न अडखळता. मग पेटी बंद केली. "पण मी म्हणतो म्हणून तिकडं कोण मानणार? आपलं नाव हाय वर. अंदाज नाय चालायचा. दोन्ही काढा."

आमच्या नावाचा पहिला कंटेनर असा गेला. यादी वेळेत पोचली, दोन टेम्पोंएवढी जागा आत रिकामी राहिली आणि मामांच्या स्वतःच्या बागेतला एकही मणी त्यात नव्हता. कंटेनर गेटातून बाहेर पडताना त्यांनी त्याच्यापुढे नारळ वाढवला, आणि चालकाला 'ये' म्हणून निरोप दिला. त्यांच्या बागेतली द्राक्षं पुढे कितीतरी दिवस आम्ही नातेवाइकांना वाटली. 

हंगाम संपल्यावर मी ठरवलं, असं पुन्हा होऊ द्यायचं नाही. काय काय बिघडू शकतं ते एकदा बसून बोलायचं. बोलायला बसले आणि पहिल्याच वाक्याला अडले. "समजा, पॅकहाउसला आग लागली," असं मी म्हणताच मामांनी कानावर हात ठेवले. "समजा, मी आजारी पडले," म्हटलं तर सासूबाई मीठ-मोहऱ्या घेऊन आल्या. ज्या घरात वाईटाचं नावच घ्यायचं नाही तिथे वाईटाची तयारी कशी करायची? शेवटी मी त्यांचीच भाषा उचलली. कॉम्प्युटर वाढला तर काय करायचं. अग्निदेव आले तर कुठली वस्तू आधी उचलायची. मी चार दिवस माहेरी राहिले तर यादी कोण काढणार. असं म्हटल्यावर सगळे नीट ऐकायला लागले, मामा तर सूचनाही करायला लागले. एक प्रत क्लाउडवर ठेवू, म्हणजे काय तर ढगात, असं नवऱ्याने समजावलं तेव्हा मात्र ते पुन्हा बिथरले. ढगाळ हवा म्हटलं की द्राक्षवाला फवारणीला धावतो. "ढगांनीच घात केला, आन् परत त्यांच्याच हवाली?" त्यांना पटवायला मला आठवडा लागला.

दुसरी प्रत एका छोट्या डिस्कवर घ्यायची आणि ती पॅकहाउसमध्ये, घरात, पिंपळगावातही ठेवायची नाही, असं मी सांगितलं. मग कुठे, असं कुणी विचारलंच नाही. दर शनिवारी मामा ती डिस्क सदऱ्याच्या आतल्या खिशात घालून गंगापूर रोडला नेतात आणि आधीच्या शनिवारची परत आणतात. वडिलांनी तिच्यासाठी कपाटातला एक खण रिकामा केला आहे. काम पाच मिनिटांचं, पण मामा जेवूनच येतात. दोघे काय बोलतात ते मला माहीत नाही. आई म्हणते, बोलत कसले, भांडतात.

पुढच्या हंगामाचा पहिला टेम्पो यायच्या सकाळी मी तालीम ठेवली. कॉम्प्युटर बंद करायचा आणि नुसत्या डिस्कवरून, दुसऱ्या मशीनवर, सगळं परत उभं राहतं का ते बघायचं. नुसती प्रत असून उपयोग नाही, ती उघडतेही का ते कळायला हवं, हे मी धुरकट चौकोनांकडून शिकले होते. मामा, नवरा, सगळे ऑफिसात जमले. मी अगदी जपून सुरुवात केली. "मामा, असं धरून चालू की कॉम्प्युटर वाढला..."

"वाढला काय?" मामा म्हणाले. "मेला म्हण." आणि खाली वाकून त्यांनी स्वतःच्या हाताने प्लग उपसला. "मेला. उठव आता."

आम्ही दोघं नवरा-बायको त्यांच्याकडे बघतच राहिलो. घराने ते ऐकलं असेल तर खुशाल ऐको, असा त्यांचा चेहरा होता. मी डिस्क लॅपटॉपला जोडली. बराच वेळ काही झालं नाही, आणि मग पडद्यावर सगळं एकेक करत आलं. बागा, नंबर, फवारण्या, वर आमचं नाव.

मामांनी फोन काढला, स्पीकर लावला. "व्याहीबुवा, कॉम्प्युटर मेला होता. सुनेने उठवला."

"अहो, सकाळी सकाळी असं बोलू नये," पलीकडून वडील घाबरून म्हणाले. मग म्हणाले, "पहिला टेम्पो आला का? कुणाचा?"

"माझाच हाय."

"मग फोटो पाठवा."

मामा बाहेर गेले, स्वतःच्या बागेच्या टेम्पोपाशी उभे राहिले, वरच्या क्रेटवरचा कागद बाजूला केला आणि फोन डोळ्यांसमोर धरला.